पुढचा रविवार

गावची जत्रा आणि गावचा आठवडे बाजार यांत मोठा फरक असतो. जत्रा वर्षातून एकदा भरते. त्या दिवशी माणसांचा पूर लोटतो, पाळणे फिरतात, ढोलताशे वाजतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात उसाची चिपाडे तेवढी उरतात. आठवडे बाजाराला असा थाट नसतो. परंतु तो ठरल्या वारी भरतोच. त्याच्याच भरवशावर कुंभार चाकावर माती चढवितो, शेतकरी भाजीचे वाफे राखतो आणि मोची जोडे शिवून ठेवतो. जत्रेने मन रमते हे खरे. पण घरे चालतात ती बाजारावर.

खेळाचेही असेच आहे. एखादा गाजलेला सामना ही जत्रा होय. आणि जिला सर्वत्र लीग म्हणतात ती साखळी स्पर्धा म्हणजे आठवडे बाजार. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ त्याच दिवशी घरची वाट धरतो. साखळीत तसे नसते. तेथे प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. बहुधा दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा प्रतिपक्षाच्या. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक. आज पराभव झाला, तरी पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरावयाचे असते. हा पुढचा रविवार येणारच, या विश्वासावर खेळाडू आठवडाभर सराव करतात आणि प्रेक्षक आपली वाट वाकडी करून मैदानाकडे येतात. इंग्लंडमधील स्त्रियांना फुटबॉल खेळता येऊ लागले ते पुष्कळच लवकर. परंतु हा पुढचा रविवार त्यांच्या वाट्यास यावयाला जवळजवळ एक शतक लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडमधील तरुण लढाईवर गेले आणि कारखान्यांतील त्यांच्या रिकाम्या जागांवर स्त्रिया उभ्या राहिल्या. प्रेस्टन या गावी डिक, कर आणि कंपनी या नावाचा एक कारखाना होता. युद्धकाळात तेथे तोफगोळे तयार होऊ लागले. काम कष्टाचे आणि धोक्याचे. मधल्या सुट्टीत चहा घेऊन झाला की तेथील मुली कारखान्याच्या आवारातच चेंडू लाथाडीत. उमेदवारी करणाऱ्या मुलांशी त्यांची पैज लागली, सामना झाला, आणि मुलींनी तो जिंकला. कारखान्याच्या कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड नावाच्या गृहस्थांनी हे पाहिले आणि त्यांचा रीतसर संघ बांधला. १९१७ सालच्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर हा संघ दुसऱ्या एका कारखान्यातील स्त्रियांच्या संघाशी खेळला. १०,००० प्रेक्षक जमले. प्रेस्टनच्या मुलींनी चार गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. तिकिटांतून आलेला पैसा जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला देण्यात आला.

युद्ध १९१८ साली संपले. पण हा खेळ थांबला नाही. लवकरच प्रेस्टनच्या संघात लिली पार ही मुलगी आली. सेंट हेलेन्स गावच्या एका कामगाराची ही लेक. १९०५ साली जन्मलेली ही मुलगी मोठ्यांच्या संघात दाखल झाली, तेव्हा जेमतेम १४ वर्षांची होती. तिचा डाव्या पायाचा फटका असा जबर असे की गोलरक्षकास तो अडविणे मोठे कठीण जाई. १९२० च्या नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर प्रेस्टन आणि सेंट हेलेन्स या स्त्रियांच्या संघांचा सामना झाला. आत ५३,००० प्रेक्षक दाटीवाटीने उभे होते आणि जागेअभावी हजारो लोक दारातूनच परत गेले. एका दुपारी ३,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि ती धर्मादाय कामाला देण्यात आली. स्त्रियांचा खेळ पाहावयास कोण येणार, हा प्रश्न त्या दिवशी कोणास विचारताच आला नसता.

पण वर्षही सरले नाही तोच सारे पालटले. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने एक ठराव संमत केला. हा खेळ स्त्रियांच्या प्रकृतीला मुळीच मानवणारा नाही, त्यास उत्तेजन देऊ नये, असे त्या ठरावाचे सार होते. जमलेल्या पैशांपैकी फार मोठा भाग खर्चात जातो, असाही आक्षेप घेतला होता. संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत, असे सांगण्यात आले.

या ठरावाची खुबी नीट ध्यानात घेतली पाहिजे. स्त्रियांनी चेंडूला पाय लावू नये, असे त्यात म्हटले नव्हते. त्यांच्या पायांखालची जमीन तेवढी काढून घेतली होती. चांगली मैदाने जवळजवळ सारी त्या क्लबांच्याच मालकीची. त्यांना कुंपण होते, तिकीटखिडक्या होत्या, प्रेक्षकांना उभे राहावयास पायऱ्या होत्या. ते मैदान गेले की तिकीट गेले. तिकीट गेले की प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च कोठून भागवावयाचा? उघड्या बागेत खेळावयाचे, तर ५३,००० माणसे उभी राहणार कोठे?

स्त्रिया स्वस्थ बसल्या नाहीत. त्याच महिन्यात अनेक संघांनी एकत्र येऊन आपली निराळी संघटना उभारली. १९२२ साली तिच्यातर्फे चषकाची एक स्पर्धाही झाली. परंतु मैदानांवाचून ती संघटना फार काळ तग धरू शकली नाही. १९२२ मध्ये प्रेस्टनचा संघ अमेरिकेस गेला आणि तेथे चक्क पुरुषांच्या संघांशी खेळला. मायदेशी मात्र त्याला गावोगावची लहान मैदाने आणि बागा शोधीत फिरावे लागे. लिली पार पुढे रुग्णालयात परिचारिकेचे काम करू लागली. दिवसपाळी, रातपाळी सांभाळून ती खेळत राहिली, ती थेट १९५१ सालापर्यंत. १९६५ साली तो संघ विसर्जित झाला, तेव्हाही बंदी कायमच होती.

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. गुडिसन पार्कवर आलेली ती ५३,००० माणसे गेली कोठे? ती काही एका रात्रीत खेळाचा द्वेष करू लागली नव्हती. परंतु त्यांना पुढच्या रविवारी यावयाला ठिकाणच उरले नव्हते. स्त्रियांचा खेळ लोकांच्या प्रेमावर उभा होता, हे खरे. पण तो दुसऱ्याच्या जमिनीवर उभा होता. त्याला स्वतःचे मैदान नव्हते, वेळापत्रक नव्हते आणि पाठीशी बळकट संस्था नव्हती. म्हणून कागदाच्या एका कपट्याने त्याला ५० वर्षे मागे लोटले.

१९६६ साली इंग्लंडच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला आणि देशभर फुटबॉलची लाट उसळली. त्या लाटेत मुलीही होत्या. डॉनकास्टर गावी बेल व्ह्यू नावाचे मैदान होते. पुरुषांच्या सामन्यांच्या वेळी तेथे काही मुली प्रेक्षकांत फिरून सोडतीची तिकिटे विकीत. दुसऱ्यांचा खेळ पाहून पाहून त्यांच्या मनात आले, की आपणच का खेळू नये? १९६९ साली त्यांनी आपला संघ काढला. पुढे तो डॉनकास्टर बेल्स या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच वर्षी स्त्रियांच्या फुटबॉलसाठी एक देशव्यापी संस्थाही स्थापन झाली. अखेर १९७१ साली बंदी उठली. त्याच वर्षी स्त्रियांच्या चषकस्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला आणि १९७२ मध्ये इंग्लंडच्या स्त्रियांचा राष्ट्रीय संघ स्कॉटलंडविरुद्ध आपला पहिला अधिकृत सामना जिंकून परतला.

मैदानाचे दार उघडले खरे. पण उघडे दार म्हणजे काही भरलेला बाजार नव्हे. राष्ट्रीय पातळीवरची साखळी स्पर्धा सुरू व्हावयास आणखी २० वर्षे जावी लागली. १९९१ साली २४ संघांची, तीन विभागांत वाटलेली लीग उभी राहिली. तिचे पहिले विजेतेपद मिळविले ते डॉनकास्टर बेल्सनी. एकेकाळी तिकिटे विकणाऱ्या मुलींचा संघ देशात अव्वल ठरला! पुढे १९९४ सालच्या मोसमापासून ही लीग फुटबॉल संघटनेच्या छत्राखाली आली. ज्या संस्थेने एकदा दार लावले होते, तिनेच आता घर बांधण्याची जबाबदारी उचलली.

त्या काळच्या खेळाडूंचे जीवन डोळ्यांसमोर आणून पाहावे. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात सराव, रविवारी दूरच्या गावचा प्रवास आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर. त्यांना खेळाचे वेतन मिळणे दूरच. उलट क्लबाची वर्गणी त्याच भरीत. एका नामांकित क्लबातील काही खेळाडू पोटासाठी त्याच क्लबाच्या धुलाईघरात काम करीत आणि पुरुष खेळाडूंचे चिखलाने माखलेले गणवेश धूत. लंडनच्या फुलहॅम क्लबाने २००० साली स्त्री-खेळाडूंना पूर्ण वेळ पगारावर ठेवून पाहिले. परंतु एकटा क्लब धनवान झाल्याने लीग उभी राहत नाही. त्याच्याशी बरोबरीने झुंजणारे इतर संघही तितकेच भक्कम असावे लागतात. काही वर्षांतच क्लबाने खर्चातून हात आखडता घेतला आणि २००६ साली तो संघ मोडला.

या अनुभवांतून धडा घेऊन २०११ साली नवी लीग आखण्यात आली. विमेन्स सुपर लीग हे तिचे नाव. संघ आठच ठेवले; पण प्रत्येकाने आपल्या मैदानाची, प्रशिक्षकांची आणि पैशांची व्यवस्था आधी दाखवावी, अशी अट घातली. मोठ्या पगारांच्या ओझ्याखाली क्लब पुन्हा कोलमडू नयेत म्हणून वर्षाला २०,००० पौंडांहून अधिक वेतन प्रत्येक संघात चौघींनाच देता येईल, असा नियम केला. पुरुषांच्या सामन्यांशी गाठ पडू नये म्हणून मोसमही उन्हाळ्यात ठेवला. १३ एप्रिल २०११ रोजी लंडनमध्ये चेल्सी आणि आर्सेनल यांच्यात पहिला सामना झाला. आर्सेनलने तो १-० असा जिंकला. प्रेक्षक किती आले होते? २,५१०. गुडिसन पार्कच्या गर्दीपुढे ही संख्या कोणालाही क्षुल्लक वाटेल. परंतु त्या ५३,००० आणि या २,५१० यांच्यात एक भेद होता. या वेळी पुढचा सामना कधी आणि कोठे, हे छापून तयार होते.

रोपट्याला रोज पाणी मिळाले की ते मूळ धरते. ही लीगही तशीच वाढली. २०१७ पासून तिचा मोसम हिवाळ्यात आला. २०१८-१९ मध्ये ती पूर्णपणे व्यावसायिक झाली. आठवड्यास निदान १६ तास तरी प्रशिक्षण मिळेल, असा करार प्रत्येक खेळाडूशी करणे क्लबांना बंधनकारक ठरले. खेळ हेच आता त्यांचे काम झाले. दिवसभर कारखान्यात राबून मग चेंडूला पाय लावणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना हे ऐकून केवढे नवल वाटले असते!

तथापि, या प्रगतीची किंमतही कोणीतरी मोजली आहे, हे लपविता कामा नये. २०१३ साली मोसम नुकताच सुरू झाला असता डॉनकास्टर बेल्सना कळविण्यात आले, की पुढील वर्षी त्यांना दुसऱ्या श्रेणीत जावे लागेल आणि वरच्या श्रेणीत मँचेस्टर सिटीला घेतले जाईल. हा निर्णय मैदानावरील गुणांनी झाला नव्हता. कागदावरील योजना आणि आर्थिक बळ यांनी झाला होता. बेल्स खचल्या नाहीत. २०१७-१८ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले. पण नव्या व्यावसायिक अटी पुऱ्या करण्याइतका पैसा गाठीला नव्हता. त्यामुळे जिंकूनही त्यांना तिसऱ्या श्रेणीत उतरावे लागले. ज्यांनी ओसाड रानात पायवाट पाडली, त्यांनाच पुढे झालेल्या हमरस्त्यावर जागा मिळाली नाही. लीग बळकट झाली, ही गोष्ट खरी. आणि बेल्सना दुःख झाले, ही गोष्टही तितकीच खरी. कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडच्या स्त्रियांनी जर्मनीला २-१ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळविले. तो सामना पाहावयास ८७,१९२ प्रेक्षक आले होते. हा मोठा सोहळाच होता. पण खरी कसोटी सोहळ्यानंतरची. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड यांचा लीगमधला एक नेहमीचा सामना होता. त्याला ६०,१६० लोक आले. आणि दोनच आठवड्यांनी, ३ मार्चला, त्याच मैदानावरील पुढच्या सामन्याला पुन्हा ६०,००० हून अधिक लोक हजर होते. तो वार रविवार होता. गुडिसन पार्कवरून १९२० साली पांगलेली गर्दी जणू १०३ वर्षांनी परत आली. आणि या खेपेस ती एकदाच येऊन थांबली नाही.

दरम्यान फुटबॉल संघटनेने २००८ साली जुन्या बंदीबद्दल क्षमा मागितली होती. लिली पारला ती ऐकावयास मिळाली नाही. १९७८ सालीच तिचे निधन झाले होते. परंतु इंग्लंडच्या फुटबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या मानाच्या यादीत २००२ साली तिचे नाव नोंदले गेले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. २०१९ साली मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळाही उभारण्यात आला.

या इंग्लंडच्या लीगच्या शिडीवर भारताच्या एका मुलीनेही पाय ठेवला होता. शिक्षणासाठी तिकडे गेलेली गोलरक्षक अदिती चौहान २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाकडून खेळली. तोपर्यंत तिच्या स्वतःच्या देशात स्त्रियांची राष्ट्रीय लीगच नव्हती. भारतीय मुलींच्या अंगी गुण नव्हते, असे मात्र नव्हे. १९८० ते १९८३ या काळात भारताचा संघ आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला होता. उणीव होती ती आठवडे बाजाराची.

ही उणीव भरून काढण्याचा आरंभ २०१६-१७ साली झाला. त्या मोसमात इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी सहा संघ दिल्लीत एकत्र आले आणि अवघ्या काही आठवड्यांत स्पर्धा आटोपली. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन हा संघ १४ फेब्रुवारी २०१७ रोजी विजयी ठरला. नाव लीगचे, पण रूप अजून जत्रेचेच होते. सारे संघ एका गावी जमावयाचे, खेळावयाचे आणि पांगावयाचे. पुढे मुंबई आणि कोल्हापूर येथील संघही या स्पर्धेत उतरले. २०२३-२४ च्या मोसमात मात्र मोठा पालट झाला. सात संघ प्रथमच एकमेकांच्या गावी जाऊन, घरच्या व बाहेरच्या मैदानांवर खेळू लागले. त्या वर्षी ओडिशाचा संघ विजेता झाला आणि पुढच्या वर्षी कोलकात्याचा ईस्ट बंगाल. जुलै २०२५ मध्ये भारताच्या स्त्रियांनी थायलंडला त्याच्याच भूमीवर २-१ असे हरविले आणि आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत पात्रता सामने जिंकून प्रथमच प्रवेश मिळविला.

घरच्या मैदानावर सामना होतो, तेव्हा एक साधीच पण मोलाची गोष्ट घडते. गावातील एखादी लहान मुलगी बापाचे बोट धरून तो पाहावयास येते. तिला त्या दिवशी सारेच कळते असे नाही. कोण जिंकले, हेही ती कदाचित विसरून जाईल. परंतु घरी परतताना ती विचारते, "पुन्हा सामना कधी?" प्रेस्टनच्या कारखान्यातील मुलींच्या काळी या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नसे. आता बापाला वेळापत्रकाकडे बोट दाखविता येते.